भांडण गेलं एसटीनं

"माणूस गेला का?"

हा त्यांचा नमस्कार होता. समोरून कोणी धापा टाकत आलं, कुठं काही पडल्या-झडल्याचं कानावर आलं, की खिशातलं पेन काढत ते एवढंच विचारायचे. "न्हाई, वाचला," असं उत्तर आलं की पेन परत खिशात. चेहरा असा पडायचा की वाचलेल्यालाच आपलं काही चुकलंसं वाटावं. एकदा वादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले. मी पळत घरी आले. "काका, पत्रे उडाले!" त्यांनी विचारलं, "कुनावर पडले?" कुणावरच नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बाई, तुमी पळत कामून आलाव?"

अशा माणसाच्या घरात मी भाड्यानं राहत होते. डोकं उठायचं, दुसरं काय!

गाव परभणी जिल्ह्यातलं, झरी आणि बोरीच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही. ते एकदा पेपरात आलं तेवढं पुष्कळ झालं. गावात ते एकटेच वार्ताहर, म्हणून लहान-थोर त्यांना 'पेपरवाले' म्हणायचे. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूत झालेलं. त्यामुळं बातमी मराठीत लिहायचे पण विचार उर्दूत करायचे. साधं मांजर दूध प्यालं तरी त्यांच्या लेखी तो 'मामला' असायचा आणि त्याची 'तहकीकात' व्हायची. अंगात चार खिशांचा सदरा. उजव्या हाताचा अंगठा कायम निळा, कारण प्रत्येक बातमी ते कार्बन पेपर घालून लिहायचे, आणि एकच कार्बन इतके दिवस वापरायचे की शेवटच्या प्रतीवर बातमीची नुसती सावली उमटायची. ती प्रत ते काकूंना वाचायला द्यायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या ती चुलीत घालायच्या.

घरातसुद्धा हा माणूस मथळ्यांत बोलायचा. ताटावर बसून एक घास घेतला की, "आमटीत पाण्याची वाढ. कुटुंबप्रमुखांची तीव्र नाराजी."

आतून काकूंचा आवाज यायचा, "विश्वसनीय गोटातून समजतं की डाळ संपलीय. कुटुंबप्रमुखाला पाय असल्याचंबी समजतं."

मी ह्या घरात का राहिले, हे विचाराल तर आता हसू येतं. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती होती आणि तिथं माझी सख्खी मावशी राहायची. तिनं किती म्हटलं, "इकडंच राह्य गं." पण मला टेबल पाहिजे होतं. होय, टेबल! नुकती डी.एड. होऊन आलेली मी, माझ्या मनात समाजाला दिशा देण्याचं होतं, आणि दिशा काय जमिनीवर मांडी घालून देता येते? पेपरवाल्यांच्या वरच्या खोलीत टेबल होतं. शिवाय मी तेव्हा चष्मा लावायचे. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. विचारी दिसावं म्हणून परभणीतून बिननंबरचा करून आणला होता. धूळ बसली की त्यातून उलट कमीच दिसायचं, पण मी काही तो काढला नाही.

वस्तीतली पोरगी घरात ठेवली म्हणून गावात कुजबुज झाली, तेव्हा पेपरवाले पारावर म्हणाले होते, "किरायाची काय खबर होत न्हाई. गप बसा." मला वाटलं, केवढा पुरोगामी माणूस! मागाहून कळलं, वस्तीतल्या बातम्या घरपोच मिळाव्यात एवढाच त्यांचा हिशेब होता. शाळेतून आले की जिन्याशी उभे. "बाई, खाली काय हालहवाल?" आणि काकूंनी पहिल्या दिवशीच माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. फडताळाच्या अगदी कोपऱ्यात. मला तो दिसत होता. चष्म्यातूनसुद्धा.

बहात्तरचं साल. त्या दुष्काळाबद्दल जास्त सांगत नाही, ज्यांनी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून पटत नाही. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. त्याच कामातून आमच्या वस्तीला एक विहीर मिळाली. खणता खणता तिला पाणी लागलं, तेही कसं, गोड आणि न आटणारं. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या वरच्या विहिरी एकेक करून खडखडीत झाल्या. गावच्या बायका नाल्यात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, पण खालच्या विहिरीकडं कोणी फिरकायचं नाही. का, ते उघड बोलायची गरज नव्हती.

पण आमच्या विहिरीचंही एक दुखणं होतं. पाणी लागलं तसं ओव्हरसियरनं 'काम पूर्ण' लिहिलं आणि तो निघून गेला. आतून दगडाचं बांधकाम करणं हे म्हणे दुसऱ्या खात्याचं काम होतं, आणि ते खातं कुठं बसतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काळ्या मातीची कच्ची विहीर ती. रोज काठाचं ढेकूळ सुटून आत पडायचं. मावशी आणि बाकीच्या बायका त्याच काठावर पाय रोवून पाणी शेंदायच्या. पाऊस नाही म्हणून हाल होते, आणि पाऊस आला तर पहिल्याच झडीत विहीर पोटात बसणार होती. बाई घेऊन बसेल की नुसतं पाणी, एवढाच प्रश्न.

मी पेपरवाल्यांना म्हटलं, "काका, हे छापून आणा."

"कोनी पडलं का हिरीत?"

"अजून नाही."

"मग बाई, ही खबर न्हाई. ही दरखास्त हाय. तहसीलीत द्या."

मी काय ऐकते! टेबलावर बसून फुलस्केपचे ताव भरून एक लेख लिहिला, 'जल, जीवन आणि जागृती'. त्यात 'मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून' अशी सुरुवात होती आणि विहीर शेवटच्या पानावर यायची. पेपरवाल्यांनी तो आदरानं घेतला. कागदाचा तुटवडा होता. त्यांनी माझ्या लेखाच्या पाठकोऱ्या बाजूवर आठवडाभराच्या बातम्या लिहून पाठवल्या. माझा लेख औरंगाबादेला पोचला खरा, पण पालथा.

फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्यांनी दोन ओळी पाठवल्या. जिल्ह्याच्या पानावर तळाशी आल्या, 'विहिरीच्या बांधकामाची मागणी'. वर एका हरवलेल्या बैलाची बातमी होती, ती चांगली मोठी. बैल सापडला. विहीर तशीच.

मी चिडले. तेव्हा त्यांनी मला त्यांचं तत्त्वज्ञान सांगितलं. ते रोज सकाळी पाकीट घेऊन एसटीच्या थांब्यावर जायचे, परभणीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचे आणि गाडी वळणाआड जाईस्तोवर लेकीला सासरी धाडल्यासारखे बघत राहायचे. त्या दिवशी मला बरोबर घेऊन गेले.

"बगा बाई, खबर म्हंजी ह्या गाडीतलं उतारू. घरून निघती तवा लय सामान असतं संगं. परभनीला उतरली की मानसांची नावं खाली पडत्यात. औरंगाबादेला कारन पडतं. मुंबईला गाव पडतं. दिल्लीला पोचतं ते निव्वळ भांडन. भांडनाला सामानच नसतं, मनून ते लांब जातं."

"आणि तहान?"

"तहान? तिला झरीच्या फुडं तिकीटच न्हाई."

काय संताप आला मला! वर हसत होते. त्यांची एकच इच्छा होती, मरायच्या आधी आपली एक तरी खबर दिल्लीला पोचावी. काकू म्हणायच्या, "स्वतः कवा परभनीच्या फुडं गेले न्हाईत, आन् पाकीट मात्र दिल्लीला जायलंय."

तर मृग जवळ आला आणि आभाळ कोरडंच. गावानं ठरवलं, महादेव कोंडायचा. आमच्याकडं ही रीत होती. देवळाच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा, आत घागरीवर घागरी ओतायच्या आणि पिंड पार पाण्याखाली बुडवायची. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. सगळं ठरलं, बांध लिंपला, गुरव तयार झाला, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की गाभारा भरेल एवढं पाणी गावात एकाच ठिकाणी आहे.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी पाटील वस्तीवर आले. मागं चार माणसं, आणि त्यांच्याही मागं पेन काढून पेपरवाले. मी तिथंच होते. पाटील विहिरीपासून लांब उभे राहिले, घसा खाकरला आणि मावशीला म्हणाले, "देवाच्या कामाला पानी पायजे. तुमच्या लोकायनी घागरी भरून देवळाच्या पायरीपस्तोर आनून ठिवाव्या. फुडं आमी बघू."

माझ्या अंगात वीज शिरली. पदर खोचला, चष्मा सावरला आणि सुरू झाले, "भगिनींनो! ज्या देवानं—"

"तू गप गं," मावशी म्हणाली. "तुझं भाषन हिरीत पडलं तर पानी कडू व्हईल."

समोर माझ्याच वर्गातली पोरं फिदीफिदी हसली.

मावशी पाटलांकडं वळली. "पानी देऊ की. पान्याला कोन न्हाई मनतंय? पर आमी डोक्यावर आनून देनार न्हाई. तुमच्या बायायनी यावं, हितल्या काठावर उभं राहून आमच्या दोरानं शेंदावं. आन् एकल्या देवापुरतं न्हाई. प्यायचंबी हितूनच न्यायचं."

पाटील म्हणाले, "देवाचं आदी होऊ दे. आमचं मग बघता यील."

"आसं कसं? ज्या पान्यात देव बुडतो ते तुमच्या नरड्याखाली उतरत न्हाई मंजी? देवापक्षा मोठे का तुमी?"

"सकाळी सांगतो," पाटील म्हणाले आणि वळले. पेपरवाले मात्र पुढं झाले. "मंजी नकार समजायचा का?"

"आट समजा," मावशी म्हणाली.

त्या रात्री गावात कोणी काय बोललं मला माहीत नाही. वरच्या खोलीत मला फक्त खालून कार्बनचा खसखस आवाज ऐकू येत होता. सकाळी पेपरवाले पाकीट घेऊन निघाले तेव्हा मी जिन्यातच अडवलं. "काका, काय लिहिलंत?"

"देवाला पानी देन्यास नकार."

"नकार कुठं आहे? अट आहे ती!"

"आट ही मधल्या पानावरची चीज हाय बाई. नकार पहिल्या पानावर बसतो."

"अहो पण पाटलांचं उत्तर तरी येऊ द्या!"

"उत्तर यीस्तोर गाडी थांबती का?" आणि गेले थांब्याकडं, ताडताड.

त्याच वेळी आतून काकू बाहेर आल्या. डोक्यावर घागर, काखेत कळशी. मला वाटलं नाल्याकडं निघाल्या. त्या सरळ खाली वस्तीकडं वळल्या. मी मागं धावले. विहिरीच्या काठाशी जाऊन त्या मावशीला म्हणाल्या, "दोर कुटंय? देवाचं देव बघंल, मला भाकरी थापायचीय. झिऱ्यावर बसून माझी कंबर मोडली." मावशीनं दोर दिला. काकूंनी पोहरा वर काढला आणि सगळ्यांच्या देखत ओंजळ लावून घटाघटा पाणी प्याल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "गोड हाय. इतके दिस कशाची वाट बघायलो होतो, महादेवालाच ठाऊक."

बायका काय, एकीची वाटच बघत होत्या. पाटलीणबाईसुद्धा आल्या. एसटीचा धुरळा खाली बसायच्या आत विहिरीवर अख्ख्या गावची रांग लागली. पाटलांनी मग जाहीर केलं की आपलंही मत तेच होतं. दुपारपर्यंत महादेव बुडाला.

म्हणजे बघा, भांडण गेलं एसटीनं आणि समेट राहिला गावात.

पेपरवाले थांब्यावरून परत आले आणि रांग बघून जागच्या जागी उभे राहिले. एवढं मात्र खरं की दुसऱ्या सकाळी त्यांनी समेटाचं पाकीट पाठवलं. पण त्यांचंच तत्त्वज्ञान त्यांच्या आड आलं. समेटाला सामान फार. ते परभणीतच कुठंतरी उतरलं. भांडण मात्र मोकळ्या हातानं पुढं गेलं. आधी औरंगाबादेला आलं. मग मुंबईला. आणि एके दिवशी सकाळी पंचायतीच्या रेडिओवर दिल्लीच्या बातम्यांत बाईचा गोड आवाज म्हणाला की मराठवाड्यातल्या एका दुष्काळी गावात हरिजनांनी देवाला पाणी नाकारल्यामुळं तीव्र तणाव आहे. आम्हाला बौद्ध होऊन दीड तप होत आलं होतं. ते वाटेत कुठल्या थांब्यावर पडलं कोण जाणे.

आम्ही सगळ्या तेव्हा विहिरीवरच होतो. दोराचं एक टोक मावशीच्या हातात, एक पाटलीणबाईंच्या. चावडीवरून माणूस ओरडत आला, "आपल्या गावात लय तनाव हाय मने! रेडिवर सांगितलं!" पाटलीणबाईंनी आधी मावशीकडं बघितलं, मग दोराकडं. म्हणाल्या, "तनाव हाय खरा. जरा ढिला सोड."

पेपरवाले मात्र घरोघर सांगत सुटले, "पोचलो! दिल्ली पोचलो!" त्यांचं नाव कुठंच नव्हतं, गावाचंही नव्हतं, तरी 'पोचलो'! मी भडकले, पण तोंडातून शब्द फुटला तो पुस्तकी. "हे बेजबाबदार वृत्तलेखन आहे!" ते म्हणाले, "लय चांगलं बोलता बाई. लिहून द्या, मागची बाजू कोरी ठिवा."

त्यांचं हसू दोन दिवसांनी उतरलं. शेजारच्या मोठ्या गावाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं आली. हातात काठ्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी थांबून विचारायला लागली, "देवाला पानी तोडनारे कोन ते?" मावशीनं लेकरं घरात ओढली आणि दारं लावून घेतली. मी भिंतीला चिकटून उभी, आणि सांगते, त्या दिवशी मला एकही भगिनी आठवली नाही.

पेपरवाले धोतर सावरत पळत आले आणि ट्रॉलीपुढं आडवे झाले. "आवो, तसलं काय न्हाई! समदं मिटलंय! पानी दिलंय!"

"पेपरात आलंय नकार दिला मनून."

"पेपरात मीच घातलं ते!"

"तुमी कोन?"

"मी वार्ताहर!"

"हट! पेपरवाले दिल्लीला असत्यात. सरका बाजूला."

तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आपल्याच हाताची खबर समोर उभी होती आणि ती त्यांना ओळखत नव्हती. ते सरकले मात्र नाहीत. कोणीतरी ढकललं, पडले, उठून पुन्हा तिथंच उभे राहिले. एव्हाना पाटील आले. म्हणाले, "देव आमचा, पानी आमच्या गावचं. तुमच्या गावात पाऊस पडलाय का? न्हाई ना? मग आदी सोताचा देव बुडवा जा."

आणि काकूंनी काय करावं! विहिरीवरून भरलेली घागर आणली, तांब्या बुडवून एकेकाला पाणी दिलं. "लांबून आलाव, उन्हाचं. घ्या." उन्हानं तापलेली माणसं, ती प्याली. पिऊन झाल्यावर काकू म्हणाल्या, "ह्येच ते देवाला नाकारलेलं पानी. गोड हाय का न्हाई?" माणसांना थुंकताही येईना आणि भांडताही येईना. थोडा वेळ गुरगुरली आणि ट्रॉली वळली.

त्या दिवसापासून पेपरवाल्यांचं सगळंच उलटं झालं. जेवताना मथळे बंद. बसून एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहायचे, 'खुलासा'. स्वतः परभणीला जाऊन तारेनं पाठवतो म्हणायला लागले. अंगठ्याची निळाई कोपरापर्यंत चढली. आणि मग एका दुपारी बातमी आली की उद्या मोठे साहेब जीपनं येताहेत, बरोबर मुंबई-दिल्लीचे पत्रकार, तणाव बघायला.

विहिरीवर बायकांची बैठक बसली. मावशी म्हणाली, "चला, बरं झालं. मिटलं मनून सांगू आन् मोकळं होऊ."

काकू म्हणाल्या, "मिटलं मनलं की जीप माघारी. आन् ही?" त्यांनी पायानं काठाचं ढेकूळ आत ढकललं. डुबुक. "माझी जिंदगी त्या मानसाचे मथळे ऐकन्यात गेली. आज ते कामाला येऊ द्या. भांडन हाय तोवर दिल्ली हाय. हीर बांधून होईस्तोर कोनी समेट करायचा न्हाई."

"आन् पुन्ना ट्रॅक्टर आली मग?" मावशीनं विचारलं. प्रश्न खरा होता. आमच्या जिवाशी होता.

पाटलीणबाई म्हणाल्या, "ह्यांना सांगते, साहेबाकडून पोलीस बसवून घ्या. तनाव हाय ना? मग पोलीस नगं का?"

मला कोणी विचारलं नाही. मी तरी सांगितलं की हे नैतिकदृष्ट्या तपासून पाहावं लागेल. काकू म्हणाल्या, "तपासा बाई, टेबलावर बसून. तवर आमी पानी भरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाले खुलाशाचं पाकीट घेऊन थांब्याकडं निघाले, तर दारात काकू. "ते पाकीट हिकडं."

"आगं, मी वार्ताहर हाय. जे खरं हाय ते—"

"आजवर कुटं होतं खरं? कनगीत?" पाकीट त्यांनी पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि वर वरवंटा ठेवला. "हीर झाली की घ्या."

"हे खबरीच्या उसुलात बसत न्हाई!"

"तुमी बसा मग."

आयुष्यभर ज्यानं भांडणावर पोट भरलं, तो माणूस एका समेटासाठी पिठाच्या डब्यापाशी हात जोडून उभा होता. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

साहेब आले. पत्रकार आले. एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याला भांडणाचा फोटो पाहिजे होता, म्हणून त्यानं विहिरीच्या एका बाजूला गावच्या बायका आणि दुसऱ्या बाजूला वस्तीच्या बायका उभ्या केल्या. म्हणाला, एकमेकींकडं रागानं बघा. काकू आणि मावशी समोरासमोर. रागानं बघता बघता दोघींना हसू आवरेना. काकूंनी तोंडात पदर कोंबला, मावशीनं मान खाली घातली, खांदे गदगदा हलले. त्याच वेळी फोटो निघाला. पेपरात आला तेव्हा खाली लिहिलं होतं, 'अश्रू अनावर झालेल्या महिला'. मीही ठेवणीतली साडी आणि चष्मा घालून कडेला उभी होते. फोटोत माझं कोपर आलं.

साहेबांनी विचारलं, "यावर तोडगा काय?"

मावशी म्हणाली, "हीर दगडानं बांधून द्या. काठावर कोन उभं राहायचं ह्याच्यावरूनच भांडन हाय."

पाटील कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बांधल्याबिगर आमी ऐकनार न्हाई. आन् पोलीस पायजेत."

ते 'दुसरं खातं', ज्याचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता, ते साहेबांच्या जीपमागं पळत आलं. दगड आला, सिमेंट आलं, गवंडी आले. दोन पोलीस लिंबाखाली बसले आणि कंटाळून बायकांना पोहरे ओढून द्यायला लागले. बांधकाम आणि आभाळ यांची शर्यत लागली होती. शेवटचा थर बसला, वर कमरेएवढा कठडा उठला आणि मगच पाऊस आला. गाव म्हणालं महादेव पावला. पेपरवाले म्हणाले दिल्ली पावली. मावशी म्हणाली पावसाळा होता. विहीर मात्र बसली नाही.

वरवंटा निघाला. पाकिटावर पीठ साचलं होतं, ते झटकून पेपरवाल्यांनी आपल्या हातानं ड्रायव्हरला दिलं. 'गावात संपूर्ण सलोखा, विहिरीचे बांधकाम पूर्ण'. कुठंही छापून आलं नाही. जिल्ह्याच्या पानावरसुद्धा नाही.

पुढं वर्षभरानं माझी बदली झाली. फडताळातला माझा पेला केव्हा बाकीच्या पेल्यांत मिसळला ते मला कळलं नाही. काकूंनी त्याची बातमी केली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी मावशीला भेटायला विहिरीवर गेले. पेपरवाले थांब्यावरून परतताना आता रोज तिकडून यायचे. नवीन खोडच ते! चार खिसे, निळा अंगठा, सगळं तसंच. कठड्यापाशी थांबून त्यांनी पेन काढलं.

"मानूस पडला का?"

"न्हाई, पेपरवाले," बायका एका सुरात म्हणाल्या. "कठडा हाय."

"कडा ढासळला?"

"न्हाई."

"भांडन?"

"रांगेवरून जरा झालं. मिटलं."

"मग काय खबर न्हाई," ते म्हणाले. पेन खिशात ठेवलं, कठड्यावर तळहातानं एकदा थोपटलं आणि तोंड पाडून घराकडं निघाले. काकू पोहरा ओढता ओढता म्हणाल्या, "रोज ईचारतो मेला. आन् रोज न्हाई ऐकूनच जातो."